घरातील ढेकणांचा बंदोबस्त

कपाशीच्या बोंडांवर जमणारा लाल ढेकण्या किंवा द्राक्षवेलीवरील पिठ्या ढेकूण शेतकऱ्यास चांगला परिचित असतो. पिकावर त्याची पहिली खूण दिसताच तो सावध होतो व उपायास लागतो. याच अर्धपंखी गणातील आणखी एक कीटक मात्र त्याच्या घरात, त्याच्याच अंथरुणात वर्षानुवर्षे नांदत असतो. आणि त्याकडे कीड म्हणून क्वचितच पाहिले जाते. घरातील ढेकूण हाच तो कीटक होय. पिकावरील ढेकूण वनस्पतीचा रस शोषतो, घरातील ढेकूण माणसाचे रक्त शोषतो. शेतातील किडीचा बंदोबस्त करताना प्रथम तिची ओळख करून घ्यावी लागते, तिचा जीवनक्रम समजून घ्यावा लागतो आणि मग त्यातील दुबळी बाजू हेरून उपाय योजावा लागतो. ढेकणांच्या बाबतीतही हीच पद्धत उपयोगी पडते.

या विषयाकडे लक्ष देण्याचे आणखी एक गंभीर कारण आहे. ढेकणांना कंटाळून काही घरांत पिकासाठी आणलेले विषारी औषध खोलीत फवारले जाते, किंवा साठवणीच्या धान्यासाठी वापरावयाच्या विषारी वायूच्या गोळ्या खाटेखाली ठेवल्या जातात. ढेकूण चावल्याने सहसा जीव जात नाही. परंतु ढेकणांसाठी वापरलेल्या अशा विषाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावली आहेत. म्हणून ढेकूण कसे मारावेत याइतकेच ते कसे मारू नयेत, हेही प्रत्येक घरात माहीत असणे अगत्याचे आहे.

ढेकणाची ओळख

आपल्याकडील उष्ण हवामानात प्रामुख्याने आढळणाऱ्या ढेकणाचे शास्त्रीय नाव सायमेक्स हेमिप्टेरस असे आहे. पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे ५ मिलिमीटर लांब, चपटा, लंबगोल व तांबूस तपकिरी रंगाचा असतो. रक्त पिऊन तट्ट फुगला म्हणजे तो लांबट व गडद तांबडा दिसतो. त्यास उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तो केवळ चालतो. शरीर चपटे असल्यामुळे पोस्टकार्डाच्या जाडीच्या फटीतही तो सहज शिरतो.

तो दिवसा लपून राहतो व रात्री बाहेर पडतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून बाहेर पडणारा कर्बद्विप्राणिद वायू आणि अंगाची ऊब यांच्या अनुरोधाने तो माणसापर्यंत पोचतो. पाच ते दहा मिनिटांत पोटभर रक्त पिऊन तो पुन्हा आपल्या फटीत परततो. मनुष्याचे रक्त न मिळाल्यास तो कोंबड्यांचे रक्तही शोषू शकतो. म्हणून घराला लागून कोंबड्यांचे खुराडे असल्यास तेथेही तपासणी करावी.

जीवनक्रम

ढेकणाची मादी सुमारे १ मिलिमीटर लांबीची पांढरट अंडी फटीत चिकटवून ठेवते. रोज थोडी थोडी याप्रमाणे ती आपल्या आयुष्यात दोनशेच्या आसपास अंडी घालू शकते. उबदार हवेत सहा ते दहा दिवसांत अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात. थंडीत यास अधिक दिवस लागतात. पिल्ले पाच वेळा कात टाकून प्रौढ होतात आणि प्रत्येक कात टाकण्यापूर्वी त्यांना निदान एकदा रक्त मिळावेच लागते. अनुकूल हवेत अंड्यापासून प्रौढ ढेकूण होण्यास साधारणपणे पाच ते आठ आठवडे लागतात.

या जीवनक्रमातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, ढेकूण उपाशीपोटी कित्येक महिने तग धरू शकतो. त्यामुळे खोली महिनाभर बंद ठेवली की ढेकूण मरतील, ही समजूत चुकीची आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एकदा केलेल्या उपायातून अंडी बहुधा वाचतात. परंतु त्यांतून निघालेली पिल्ले लगेच अंडी घालू शकत नाहीत. पाच वेळा कात टाकून होईपर्यंत त्यांना काही आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत उपाय पुन्हा केला तर वंश तेथेच खुंटतो. आठवडाभराने ढेकूण पुन्हा दिसू लागले म्हणून उपाय वाया गेला असे मानण्याचे कारण नाही; ती दुसऱ्या फेरीची वेळ झाल्याची खूण होय.

होणारा उपद्रव

ढेकणाच्या चावण्यामुळे अंगावर खाजरे, लालसर वण उठतात व खाजवल्याने त्यांत पू होऊ शकतो. ढेकणांचा प्रादुर्भाव फार झाल्यास लहान मुले व अशक्त माणसे यांच्या शरीरातील रक्त कमी होऊ शकते. ढेकणांमुळे रोग पसरतात असा समज आहे. तथापि नेहमीच्या परिस्थितीत ते माणसात रोग पसरवितात, असे सिद्ध झालेले नाही. झोपमोड हा मात्र मोठाच तोटा आहे. दिवसभर नांगर, मोट किंवा यंत्र यांच्यामागे राबलेल्या माणसास रात्रीची झोप मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या कामात उणेपणा येतो. मळणी यंत्र किंवा कडबाकुट्टी यांसारख्या यंत्रांवर काम करणाऱ्याच्या बाबतीत पेंगुळलेपणा घातकही ठरू शकतो. शाळेत जाणाऱ्या मुलांचे अभ्यासातील लक्षही उडते.

शोध कोठे घ्यावा

उपाय करण्यापूर्वी विजेरीच्या उजेडात नीट शोध घ्यावा. खाटेच्या गात व पाय यांचे सांधे, सुंभाच्या किंवा नवारीच्या घड्या, पलंगाच्या फळ्यांमधील फटी, गादी व उशी यांच्या शिवणी, गोधडीचे थर, दाराच्या चौकटी, बिजागऱ्या, भिंतीतील भेगा, सुटलेले पोपडे, तसबिरींची मागील बाजू, लाकडी फडताळे आणि अंथरुणाजवळ रचलेले बारदान ही ढेकणांची नेहमीची वसतिस्थाने होत. शाईच्या ठिपक्यांसारखी काळसर विष्ठा, टाकलेल्या काती, चिकटलेली पांढरी अंडी, पांघरुणावरील रक्ताचे डाग आणि विशिष्ट उग्र वास या त्यांच्या खुणा आहेत. जेथे खुणा दिसतील ती प्रत्येक जागा खडूने चिन्हांकित करून ठेवावी, म्हणजे पुढील फेरीत ती नजरेतून सुटत नाही.

उष्णतेचा उपाय

ढेकणांचा खरा शत्रू उष्णता हा आहे. ४८ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे दीड तास राहिल्यास ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. तापमान याहून बरेच अधिक असल्यास थोडा वेळही पुरतो. औषधाने न मरणारी अंडी उष्णतेने मरतात, हा या उपायाचा विशेष होय. शिवाय त्यास खर्च अत्यल्प आहे.

१. खाट व बाज अंगणात काढून सुंभ किंवा नवार सोडवून घ्यावी व ती उकळत्या पाण्यात बुडवून ठेवावी. खाटेच्या प्रत्येक सांध्यावर, खाचेत व भोकात तोटीच्या भांड्याने उकळते पाणी जवळून व सावकाश ओतावे. लांबून ओतलेले पाणी वाटेतच निवते व निरुपयोगी ठरते. लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

२. चादरी, अभ्रे, गोधड्या व रोजचे कपडे कढत पाण्यात भिजवून धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत.

३. गाद्या व उशा धुता येत नाहीत. त्यांच्या शिवणी ताठ ब्रशने घासून काढाव्यात व निघालेला कचरा उकळत्या पाण्यात टाकावा. नंतर चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात त्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये सर्व बाजूंनी घट्ट गुंडाळून दिवसभर ठेवाव्यात व मधून उलटाव्यात. नुसत्या उन्हात टाकलेल्या गादीतील ढेकूण तापलेल्या बाजूकडून सावलीच्या बाजूस सरकतात व वाचतात. गुंडाळलेल्या गादीतून त्यांना पळ काढता येत नाही. जाड गादीच्या गाभ्यापर्यंत ऊब पोचण्यास वेळ लागतो, म्हणून एका दिवसावर न थांबता हा क्रम दोन-तीन दिवस चालू ठेवावा.

४. काही ठिकाणी खाटेच्या सांध्यांवर स्टोव्हची ज्योत फिरवितात किंवा रॉकेल शिंपडतात. रॉकेलने केवळ भिजलेले ढेकूण मरतात. उलट छपराच्या व कुडाच्या घरात आगीचा धोका मात्र निर्माण होतो. हे दोन्ही प्रकार टाळावेत.

ही सर्व कामे एकाच दिवशी करावीत. पहिल्या फेरीनंतर सुमारे दहाव्या व विसाव्या दिवशी ती पुन्हा करावीत, आणि त्यानंतर महिनाभर दर आठवड्यास तपासणी चालू ठेवावी. थंडीच्या दिवसांत अंडी उशिरा फुटत असल्यामुळे आणखी एक फेरी करणे इष्ट ठरते.

आसरा नाहीसा करणे

ढेकूण मारले तरी त्यांच्या फटी तशाच राहिल्या तर नवीन ढेकणांस तयार घर मिळते. भिंतीतील भेगा माती, चुना किंवा सिमेंट यांनी बुजवाव्यात. लाकडी चौकटींतील फटी लांबी भरून बंद कराव्यात व त्यांवर रंगाचा हात द्यावा. अंथरुणाजवळचे बारदान, जुनी कागदपत्रे व अडगळ हलवावी. खाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी व पांघरूण जमिनीस टेकू देऊ नये. खाट पूर्णपणे स्वच्छ केल्यानंतर तिचे पाय साबणाचे पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवावेत. आपल्याकडील ढेकूण गुळगुळीत पृष्ठभागावरही चढू शकतो, म्हणून कोरडी वाटी पुरेशी होत नाही. तसेच खाटेतच ढेकूण असतील तर या वाट्यांचा काहीही उपयोग होणार नाही, हे लक्षात ठेवावे.

डी. डी. टी. चा धडा

औषधाने ढेकणांचा कायमचा नायनाट होईल, अशी आशा एके काळी सर्वांनाच वाटत होती. डी. डी. टी. चे कीटकनाशक गुण १९३९ साली पॉल म्यूलर यांनी शोधून काढले व त्याबद्दल त्यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व घरोघरी भिंतींवर डी. डी. टी. ची फवारणी होऊ लागली. फवारणी डासांसाठी होती. परंतु आरंभी तिने घरातील ढेकूणही मरत असल्याने लोकांनी तिचे मनापासून स्वागत केले. पुढे मात्र ढेकणांना त्या औषधाची सवय झाली. हवाई बेटांवर असे प्रतिकारक्षम ढेकूण १९४७ सालीच आढळले होते. भारतातही तोच अनुभव आला. अशा ढेकणांना औषधाने मरण येत नाही, ते फक्त डिवचले जाऊन बाहेर पडतात. साहजिकच फवारणीने ढेकूण वाढतात असे लोकांस वाटू लागले व काही ठिकाणी ते फवारणीस नकार देऊ लागले. आज घरगुती वापरात असलेल्या पायरेथ्रॉइड गटातील औषधांनाही ढेकूण अनेक ठिकाणी दाद देत नाहीत. बोंडअळीच्या बाबतीत कापूस उत्पादकांनी जो अनुभव घेतला आहे, तोच हा अनुभव होय. केवळ औषधावर भिस्त ठेवणे म्हणजे किडीस बळकट होण्याची संधी देणे होय.

औषधे वापरताना दक्षता

उष्णतेचा उपाय व स्वच्छता यांनी काम पूर्ण न झाल्यासच औषधाचा विचार करावा. वेष्टनावर घरगुती वापरासाठी व ढेकणांसाठी असे स्पष्ट लिहिलेले औषधच घ्यावे व त्यावरील सूचना वाचून ते केवळ फटींत व सांध्यांत वापरावे. अंथरूण, पांघरूण, मुलांचे पाळणे व भांडी यांवर ते मुळीच उडवू नये. हवेत धुके सोडणारी औषधे फटींतील ढेकणांपर्यंत पोचत नाहीत. उपद्रव मोठा असल्यास परवानाधारक कीड नियंत्रकाची मदत घ्यावी.

पिकावरील औषधे घरात कदापि वापरू नयेत. वेष्टनावरील चौकोनात लाल किंवा पिवळा त्रिकोण असल्यास ते औषध अत्यंत किंवा अति विषारी असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. उघड्या रानात जे विष असा घात करते, ते बंद खोलीत झोपलेल्या कुटुंबाचे काय करील, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून तर विशेष दूर राहावे. हवेतील ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून फॉस्फिन नावाचा अत्यंत विषारी वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत व शेजारच्या घरातही पसरतो. या विषावर उतारा उपलब्ध नाही. राहत्या घरात या गोळ्या ठेवूही नयेत. विषारी औषधाच्या संपर्कानंतर मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, दरदरून घाम किंवा तोंडातून लाळ यांपैकी काहीही दिसल्यास सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाचे वेष्टन डॉक्टरांना दाखवावे. घरगुती उपचारांत वेळ दवडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

ढेकूण एका घरातून दुसऱ्या घरात अंथरूण, सामान व जुने लाकडी साहित्य यांच्यामार्फत जातात. ऊसतोडीहून परतणारी कुटुंबे, यात्रेकरू, वसतिगृहातून सुटीवर आलेली मुले आणि लग्नघरी जमलेले पाहुणे यांच्या वळकट्यांतून त्यांचा प्रवास होतो. यात कोणाचा दोष नाही. ढेकूण श्रीमंतांच्या पलंगातही असतात आणि गरिबांच्या गोधडीतही असतात. मात्र लोकलज्जेमुळे अनेक कुटुंबे हा उपद्रव लपवितात, आणि गुपचूप केलेल्या उपायांतूनच विषबाधेसारखे अनर्थ ओढवतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभेत व महिला मंडळात मोकळेपणाने मांडावा. उन्हाळा हा या कामास सर्वांत योग्य हंगाम होय. सामाईक भिंती असलेल्या घरांनी एकच दिवस ठरवून मोहीम करावी. एकाने काम करून शेजाऱ्याने न केल्यास श्रम फुकट जातात. एका खाटेवर उकळत्या पाण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. पुढील दोन फेऱ्यांच्या तारखा त्याच दिवशी ठरवून चावडीवरील फळ्यावर लिहून ठेवाव्यात. बाहेरगावाहून आलेले अंथरूण घरात नेण्यापूर्वी उन्हात गुंडाळून ठेवण्याची अथवा कढत पाण्यात धुण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी.

उकळते पाणी, वैशाखाचे ऊन, बुजविलेल्या फटी आणि ठरल्या तारखेस केलेली पुनरावृत्ती ही चार साधने प्रत्येक शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहेत. त्यांचा चिकाटीने उपयोग केल्यास बहुतेक घरे ढेकणांपासून मुक्त होतील आणि विषाची बाटली घराच्या उंबरठ्याआत आणण्याची वेळ कोणावरही येणार नाही.