इफिसची सभा व न्यूयॉर्कची मिरवणूक

अभ्यासासाठी वाचन : प्रेषितांची कृत्ये १९:२३-४१

आमच्या पुष्कळ मंडळ्यांत बातमी एकजण वाचतो व दहाजण ऐकतात; मग ती कागदावरील असो वा मोबाइलवरील. वाचणारा बहुधा उपदेशक अथवा शाळेचा मास्तर असतो, आणि ऐकणारे ते शब्द त्याच्याच तोंडचे समजून घरी नेतात. यास्तव बातमीत घडलेले किती व घडवून आणलेले किती, हे पारखण्याची सवय त्याने तरी लावून घेतली पाहिजे. ज्या समारंभाचा खर्च एखादा व्यापारी, कंपनी अथवा पुढारी सोसतो, त्याच्या बातमीविषयी तर विशेषच.

लूकाने इफिस येथील गलबल्याचा वृत्तांत कसा लिहिला आहे तो प्रथम पाहू. आरंभीच तो सांगतो की, देमेत्रिय हा अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे करणारा होता व त्या धंद्यावर कारागिरांची मोठी प्राप्ती होती. देमेत्रियाने आपल्या लोकांस एकत्र करून आधी पोटाची गोष्ट काढली, मग देवीच्या थोरवीची. परंतु नाटकगृहात सुमारे दोन तास जी आरोळी चालली तीत धंद्याचे नावही नव्हते. केवळ देवीचा जयजयकार होता. आपण कशासाठी जमलो हे बहुतेकांस ठाऊकच नव्हते, हेही लूक नमूद करतो. तो पौलाचा सोबती. तरी ज्या नगरलेखकाने लोकांस शांत केले त्याचे भाषण त्याने गाळले नाही.

आता हाच प्रसंग देमेत्रियाच्या एखाद्या स्नेह्याने छापला असता तर? ‘नगरीच्या मानासाठी हजारो भाविक स्वयंस्फूर्तीने एकत्र, नाटकगृह जयघोषाने दुमदुमले.’ गर्दी खरी, जयघोषही खरा. देव्हाऱ्यांचा धंदा मात्र ह्या दोन वाक्यांतून नाहीसा झाला, आणि ‘स्वयंस्फूर्तीने’ हा एक शब्द आत आला. एकांगी बातमी पुष्कळदा अशीच असते. तीत खोटे फार थोडे असते. गाळलेले पुष्कळ असते.

न्यूयॉर्क शहरात १९२९ साली ३१ मार्च रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, असेच घडले. त्या दिवशी उपासनेनंतर चांगली वस्त्रे लेऊन फिफ्थ अॅव्हेन्यू ह्या रस्त्याने फिरण्याची तेथे रीत होती. स्त्रीने रस्त्यात सिगारेट ओढणे तेव्हा अशिष्ट गणले जाई. त्या गर्दीत काही तरुण स्त्रियांनी सिगारेटी पेटविल्या, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ही गोष्ट स्त्रियांच्या स्वातंत्र्याची खूण म्हणून छापली. बर्था हंट नामक बाईने बातमीदारांस सांगितले की, कल्पना तिची स्वतःची असून कोणत्याही विशिष्ट छापाच्या सिगारेटीचा पुरस्कार त्यात नाही. सिगारेटींस ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणावे, हा शब्दही पत्रांस आयता मिळाला.

ही बाई एडवर्ड बर्नेज ह्यांची चिटणीस होती. बर्नेज ह्यांस वेतन देणारी अमेरिकन टोबॅको कंपनी ‘लकी स्ट्राइक’ नावाच्या सिगारेटी विकत असे, आणि स्त्रियांनी घराबाहेरही धूम्रपान करावे अशी तिच्या अध्यक्षांची इच्छा होती. स्त्रियांस तारा पाठवून बोलाविले होते. तारेत स्त्रीपुरुषांच्या समतेची भाषा होती, कंपनीची नव्हती. पुढे १९६५ साली छापलेल्या आत्मचरित्रात बर्नेज ह्यांनी हे सर्व स्वतः सांगितले. (तेही सावधपणेच वाचावे, आपल्या युक्तीचे यश फुगवून सांगण्याची त्यांस हौस होती, व अमेरिकेतील स्त्रिया त्यापूर्वीच सिगारेटी ओढू लागल्या होत्या.) स्त्रियांवरील अन्यायाची तक्रार खरी होती, म्हणूनच तंबाखूस तिच्या पदराआड दडता आले. देमेत्रियाने देवीस पुढे केले, कंपनीने स्वातंत्र्यास.

आमच्याकडेही तंबाखू अशीच बातम्यांत शिरली होती. १९९६ सालच्या क्रिकेटच्या विश्वचषकास ‘विल्स’ ह्या सिगारेटीचे नाव होते; प्रामाणिक बातमीदारालाही चषकाबरोबर ते नाव लिहावे लागे. अशा पुरस्कारास २००३ च्या कायद्याने बंदी घातली. निवडणुकीची गोष्ट निराळी नाही. २००९ साली महाराष्ट्रात एकाच उमेदवाराच्या स्तुतीचा मजकूर प्रतिस्पर्धी पत्रांत शब्दशः सारखा छापून आला. दोन पत्रे शेजारी ठेवून वाचणाऱ्यास हे कळले. एकच वाचणाऱ्यास कसे कळावे?

आता आपल्या शिवारातील गोष्ट घेऊ. समजा, बियाण्यांच्या एका कंपनीने मेळावा भरविला व बातमी आली : ‘मेळाव्यास उदंड प्रतिसाद लाभला. शेतकऱ्यांनी नव्या वाणाचे स्वागत केले. तज्ज्ञांनी मौलिक मार्गदर्शन केले.’ उदंड म्हणजे किती, आणि मोजले कोणी? मांडव, जेवण व गाड्या ह्यांचा खर्च कोणाचा? ‘शेतकऱ्यांनी’ म्हणजे सर्वांनी, की व्यासपीठावर बसविलेल्या दोघांनी? तज्ज्ञ वेतन कोणाकडून घेतात? गेल्या साली हेच बी पेरून ज्याचे पीक बुडाले तो बोलला काय? पिशवीची किंमत बातमीत नाही, हे तर चटकन ध्यानातही येत नाही. ही बातमी ऐकून कोणी कर्ज काढून बी घेतले, तर ते फेडताना बातमी लिहिणारा त्याच्या दारी येणार नाही.

खर्च दुसऱ्याने केला म्हणून काम खोटे ठरते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. कारखानदाराच्या पैशाने मोतीबिंदू काढलेल्या म्हातारीस दिसू लागले, तर ते दिसणे खरेच आहे. पैसा कोणाचा होता, किती जणांवर शस्त्रक्रिया झाली व महिन्यानंतर त्यांची स्थिती काय होती, एवढे बातमीने सांगावे. आमच्या मंडळ्यांचे सण, जुबिली व इमारतींचे समर्पण ह्यांच्या वृत्तांतासही हेच माप लावावे. देणगीदाराच्या नावापुढील विशेषणे मोजून पाहावी.

येत्या आठवड्याच्या वर्गात एखाद्या समारंभाची छापील बातमी घ्यावी. एकाने ती मोठ्याने वाचावी. फळ्यावर एका बाजूस डोळ्यांनी पाहता अथवा मोजता येण्याजोग्या गोष्टी लिहाव्या, दुसऱ्या बाजूस ‘भव्य’, ‘ऐतिहासिक’, ‘स्वयंस्फूर्त’, ‘एकमुखाने’ असे शब्द. मग खाली रेघ ओढून, ज्यांचे म्हणणे बातमीत आले पाहिजे होते पण आले नाही, अशांची नावे वर्गाकडून काढवावी.