जर कुठे गेली? व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांसाठी

शादीच्या शूटिंगवर आणि एडिटिंगवर आपल्या समाजातील बऱ्याच तरुणांचे घर चालते. कॅमेरा चांगला, हात चांगला, तरी गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून विचारते, "दुल्हनच्या दुपट्ट्याची जर कुठे गेली?" दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. तीच फिल्म एडिटिंगच्या टेबलावर तीन-चार वेळा नव्याने दाबली गेलेली असते.

हे दाबणे, म्हणजे एन्कोडिंग, काय ते पाहू. १९२० बाय १०८० आकाराची, सेकंदाला २५ चित्रे जशीच्या तशी साठवली तर तासाला सुमारे ५६० जीबी लागतील. सेकंदाला ५० मेगाबिट लिहिणारा कॅमेरा तेच काम २२-२३ जीबीत भागवतो. कसे? मागच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच तो लिहितो आणि डोळ्याला चटकन जाणवत नाही असा बारकावा सोडून देतो. सोडलेले परत येत नाही. एडिटिंग करून फाइल एक्स्पोर्ट केली की पुन्हा दाबणी होते, आणि या वेळी आधीच्या दाबणीचे डागही चित्राचाच भाग समजले जातात. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसे हे आहे.

पहिला मार बसतो तो जरीला, मेंदीच्या नक्षीला, फुलांच्या उधळणीला आणि स्टेजमागच्या अंधाराला. तेथे चौकोन दिसू लागतात. काही मंडळी दुसऱ्या वेळी बिटरेट दुप्पट ठेवतात. त्याने नवे नुकसान कमी होते, पण गेलेला बारकावा येत नाही. फाइल मात्र फुगते. नुसती कॉपी केल्याने मात्र काही बिघडत नाही. फाइल शंभर डिस्कवर फिरवली तरी ती तीच राहते. जुन्या व्हीएचएस कॅसेटचे तसे नव्हते, तेथे प्रत्येक कॉपी फिकी पडे.

म्हणून धंद्यात एवढे पाळावे. कार्डावरील मूळ फुटेजवरच एडिटिंग करावे. आज कापून एक्स्पोर्ट, उद्या त्यावर गाणे, परवा नावांची पट्टी, असे टप्पे करू नयेत. गिऱ्हाईकाने बदल सांगितला तर तयार फाइलला हात न लावता प्रोजेक्ट उघडावा आणि त्यातून नव्याने एकदाच एक्स्पोर्ट करावे. काम दुसऱ्या स्टुडिओकडे रंग सुधारण्यास द्यायचे असेल तर प्रोरेससारख्या मधल्या फॉरमॅटमध्ये द्यावे. तासाला सुमारे ५५ जीबी लागतात, पण नुकसान नगण्य असते.

नुसते मागचे-पुढचे कापायचे असेल, उदाहरणार्थ तीन तासांतून खुतबा आणि ईजाब-कुबूल तेवढे वेगळे काढायचे, तर एन्कोडिंगची गरजच नाही. लॉसलेसकट हे मोफत सॉफ्टवेअर फाइल न दाबता कापते. अडचण एकच: कट पूर्ण लिहिलेल्या चित्रावरच, म्हणजे कीफ्रेमवर, नीट बसतो, आणि दोन कीफ्रेममध्ये कधी एखादा सेकंद जातो, कधी जास्त. म्हणून काझीसाहेबांच्या पहिल्या शब्दाच्या थोडे आधीच कापावे.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवले की तेथेही दाबणी होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास फाइल आहे तशी पोहोचते. २०२२ पासून २ जीबीपर्यंत चालते.

मूळ फुटेज मात्र गिऱ्हाईकाने काम पसंत करेपर्यंत पुसू नये. निकाह दुसऱ्यांदा शूट करता येत नाही. त्यासाठी लागणाऱ्या दोन डिस्कचा खर्च भाव ठरवतानाच धरावा, मागाहून मागितला तर कोणी देत नाही.