मृगाची वाट पाहू नका
जुहूच्या माडवाल्यांसाठी आणि गच्चीवर पिकवणाऱ्यांसाठी मे महिन्याचा सल्ला

जुहूला शेत उरले नाही, पण लागवड उरली आहे. मोरागावात आणि कोळीवाड्यात घरामागे माड आहेत. जुन्या बंगल्यांच्या आवारात आंबा-फणस आहेत. सोसायट्यांच्या गच्च्यांवर मिरची, कढीपत्ता, अळू आणि वेलीवरची कारली आहेत. ज्याच्या दारात एक जरी माड असेल त्याला मी शेतकरीच म्हणतो, आणि हा सल्ला त्याच्यासाठी आहे.

आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे: मुंबईला पाऊस झोडपतो, पण वादळ काही येत नाही. ही समजूत अगदीच निराधार नाही. अरबी समुद्रात बंगालच्या उपसागरापेक्षा कमी वादळे होतात आणि त्यांतली बरीचशी किनारा न गाठता पुढे निघून जातात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले आणि आपण थोडक्यात वाचलो. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीच्या वाड्या मात्र आडव्या झाल्या. माड आणि पोफळीची जी झाडे घरातल्या मुलांबरोबर वाढली होती, ती एका दुपारीत गेली. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने समुद्रातूनच गेले. आपल्या किनाऱ्यावर ते चढलेसुद्धा नाही. तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला, सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरभर झाडे कोसळली. कमी धोका म्हणजे कमी वेळा येणारा धोका. आला की तो तितकाच मोठा असतो, आणि सवय नसल्यामुळे आपण जास्त गाफील सापडतो.

म्हणून पहिले सांगणे तारखेबद्दल आहे. आपली जुनी पद्धत मृगाच्या तोंडावर, म्हणजे ७ जूनच्या आसपास, आवराआवर करण्याची. आता ती चालणार नाही. तौक्ते मेच्या मध्यावर आले. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या तब्बल सोळा दिवस आधी. कोकणात अक्षय्य तृतीयेला आळी करण्याचा रिवाज आहे. माझा आग्रह असा की ज्या आठवड्यात आळी कराल, त्याच आठवड्यात माडाची आणि घराचीही तयारी उरका. पंधरा मेनंतर काही शिल्लक ठेवू नका.

सुरुवात माडापासून करा, कारण आपल्या भागात जिवावर बेतते ते त्याच्यामुळे. तयार नारळ सालासकट किलोभराच्या पुढे भरतो आणि झावळी पंधरा-अठरा फूट लांब असते. वाऱ्यात या दोन्ही गोष्टी खाली येतात तेव्हा खाली कोण उभे आहे हे बघत नाहीत. तयार नारळ आणि वाळून लोंबणाऱ्या झावळ्या मे महिन्यातच उतरवून घ्या. हिरव्या झावळ्या मात्र राखा. माड हलका व्हावा म्हणून शेंड्यावर चार पाने ठेवून बाकी सगळे उडवून टाकतात, ते मला पाहवत नाही. त्याने झाडाचे अन्न तुटते आणि पुढच्या दोन हंगामांचे उत्पन्न जाते.

वर चढणाऱ्या माणसाकडून एक काम आवर्जून करून घ्या: शेंड्याची तपासणी. नवे पान कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसत असेल तर गेंड्या भुंगा लागला आहे. तो तारेच्या आकड्याने ओढून काढा. नंतर कोवळ्या पानांच्या बेचक्यांत तीन-चार डांबराच्या गोळ्या ठेवून त्यांवर वाळू टाका. सोंड्या भुंगा याहून घातकी. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि बाहेरून माड ठणठणीत दिसतो. खोडाला कान लावा. आत कुरतडल्याचा आवाज येतो का ऐका. तांबूस-तपकिरी चिकट रस ओघळलेला आणि भोकातून चघळलेला चोथा बाहेर आलेला दिसला तर तो माड वादळाची वाट पाहणार नाही, साध्या वळवाच्या वाऱ्यातही मोडेल. अशा झाडासाठी, आणि कुठल्याही छाटणी-तोडणीसाठी, महापालिकेच्या के पश्चिम विभागाच्या उद्यान खात्याकडे लगेच अर्ज द्या. १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगी लागतेच, आणि खासगी आवारातल्या झाडाची जबाबदारी मालकाची असते. मे अखेरीस अर्जांची गर्दी होते.

पाऊस सुरू झाला की कोंब कुजण्याची भीती. त्यासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण घरी करता येते: शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, आणि दोन्ही प्लास्टिकच्या तिसऱ्या भांड्यात एकत्र. लोखंडी बादली वापरू नका. मिश्रणात घासलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, अजून घाला. फवारणी त्याच दिवशी संपवा.

माडाला सोटमूळ नसते, तंतुमुळांचा झुपका त्याला धरून ठेवतो. बुंध्यापर्यंत फरशी किंवा काँक्रीट आले असेल तर ती मुळे कुठेतरी तोडलेली असतात. किमान मीटरभर माती मोकळी करा आणि उघडी पडलेली मुळे मातीने झाका.

आता गच्ची. बारा इंची कुंडी भिजली की वीस किलोच्या पुढे जाते. तौक्तेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत अशी एक कुंडी चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून पडलेली पाहिली. तुळस होती. माती रस्त्याभर आणि रोप मुळासकट एका स्कूटरच्या सीटवर. रात्र होती म्हणून खाली कोणी नव्हते. कठड्यावर, खिडकीच्या ग्रिलवर, एसीच्या डब्यावर कुंडी ठेवणे पावसाळ्यापुरते तरी पूर्ण बंद करा. कुंड्या गच्चीच्या आतल्या बाजूला भिंतीलगत, एकमेकींना टेकवून ठेवा. हिरवी जाळी वाऱ्यात शीड होते आणि सांगाडा घेऊन उडते. इशारा आला की ती आधी सोडा. गच्चीच्या पन्हळीचे तोंड बघा. कुंड्यांतली माती आणि पाने तिथेच अडकतात, आणि तुंबलेले पाणी वरच्या मजल्यावरच्या घरात उतरते. कुंडीखालच्या थाळ्या काढून टाका, नाहीतर दर आठवड्याला रिकाम्या करून घासा; डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

जुहूचे पाणी समजून घ्यायचे तर पावसासोबत भरती बघावी लागते. नाल्याचे तोंड समुद्राकडे. भरती चढली की पाणी बाहेर पडत नाही, उलट आत रेटले जाते. इर्ल्याचे उदंचन केंद्र ते पाणी उपसून समुद्रात टाकते, पण त्यालाही मर्यादा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्या दुपारी भरतीही होती. कोकण किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तासभर इकडेतिकडे होते, पण फोन बंद पडला तरी हा हिशेब चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

सोबतीला गच्चीवर मोकळ्या जागी सरळ भिंतीचा डबा ठेवा आणि आत पट्टी धरा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. दोन-तीन तासांत पाच सेंटिमीटर भरले आणि भरती चढती असेल, तर तळमजल्यावर राहणाऱ्यांनी धान्य, खते, औषधे आणि कागदपत्रे माळ्यावर न्यावीत. पाणी उंबऱ्याला लागण्याआधी मेन स्विच बंद करावा. कीडनाशकाच्या बाटल्या जमिनीवर कधीच ठेवू नका. पुराच्या पाण्यात फुटलेली बाटली शेजाऱ्याच्या टाकीपर्यंत पोहोचते.

पिण्याचे पाणी माणशी रोज तीन लिटर धरून तीन दिवसांचे झाकून ठेवा. जुलै २०२१ मध्ये भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पावसाचे पाणी शिरले आणि मुंबईच्या मोठ्या भागाचा पुरवठा कोलमडला होता. आपल्या दारात थेंब साचला नाही तरी नळ कोरडा पडू शकतो.

पाणी ओसरल्यावर बागेत अनवाणी उतरू नका. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जा, लेप्टोची प्रतिबंधक गोळी डॉक्टर ठरवतील. खाऱ्या वाऱ्याने पाने करपली असतील तर पाऊस थांबताच गोड्या पाण्याने धुवा. कललेली रोपे दोन-चार दिवसांत सरळ करून बुंध्याला माती चढवा आणि टेकू द्या. तुटलेला माड अंगणात कुजत ठेवू नका, त्यातच भुंग्याची पुढची पिढी वाढते. आणि तारेवर पडलेल्या झावळीला हात लावू नका, ती ओली असो वा सुकी. आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आहे. तो घरातल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना तोंडपाठ असू द्या. आणि या रविवारी, ऊन उतरल्यावर, आपल्या माडाच्या खोडाला एकदा कान लावून बघा.