तरंगते प्लास्टिक व समुद्रातील जीव

खुल्या समुद्रात जीवांस चिकटून राहण्यास आधार क्वचितच मिळतो. पूर्वी पिसे, लाकूड व ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड हेच त्यांचे आधार असत. आता त्यांत प्लास्टिकच्या बारीक तुकड्यांची भर पडली आहे. १९७२ साली सारगासो समुद्रातील अशा तुकड्यांवर डायटम हे सूक्ष्म शैवल व हायड्रॉइड हे प्राणी आढळले. उत्तर पॅसिफिकमध्ये पाण्यावर धावणारा हॅलोबेटिस हा कीटक त्यांवर अंडी घालतो, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

यावरून प्लास्टिक समुद्रास उपकारक आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होण्याचा संभव आहे. तो शिक्षकांनी वेळीच दूर करावा. लाकूड कालांतराने कुजते. प्लास्टिक वर्षानुवर्षे तरंगत राहून जीवांस परक्या किनाऱ्यावर नेते. २०११ च्या जपानमधील त्सुनामीनंतर वाहून गेलेल्या वस्तूंवरून २८० हून अधिक जाती पॅसिफिक ओलांडून गेल्या. असे परके जीव स्थानिक जीवांचे अन्न व जागा बळकावू शकतात.

प्रात्यक्षिकासाठी शिक्षकांनी प्लास्टिकचा तुकडा दोऱ्यास बांधून तळ्यात पंधरा दिवस ठेवावा. त्यावर जमलेला बुळबुळीत थर मुलांकडून निरखून घ्यावा. पाठ संपल्यावर तुकडा मात्र आठवणीने बाहेर काढावा.