तक्त्यातील शतमक : सरासरीआड दडलेली कुटुंबे

वार्षिक अहवालातील तक्ते वाचताना आपली दृष्टी प्रथम सरासरीवर स्थिरावते. आमचीही तीच सवय होती. परंतु चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन वनव्याप्त जिल्ह्यांत सरासरी पुष्कळदा फसवी ठरते. शहरातील रुग्ण तासाभरात दारी येतो. एटापल्ली, सिरोंचा वा भामरागडकडील कुटुंबाला मात्र दिवस लागतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद पडल्याचे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणूनच शतमकाची ओळख हितचिंतकांस करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

सीईटीच्या निकालामुळे ‘पर्सेंटाइल’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. तोच शतमक. शतमक म्हणजे टक्केवारी नव्हे, तर क्रमातील स्थान. सर्व नोंदी चढत्या क्रमाने मांडल्या असता ज्या मूल्याच्या खाली सुमारे ऐंशी टक्के नोंदी येतात, तो ८० वा शतमक. ५० वा शतमक म्हणजे मध्यक.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. दहा रुग्णांस रुग्णालयात पोहोचण्यास अनुक्रमे १, १, २, २, २, ३, ३, ४, १० व १२ तास लागले. सरासरी ४ तास. मध्यक अवघा अडीच तास. एक्सेलच्या नेहमीच्या ‘पर्सेंटाइल’ सूत्राने ८० वा शतमक ५.२ तास येतो. त्यावरील गट मागितला की १० आणि १२ तासांची दोन कुटुंबे समोर येतात. प्रवाससाहाय्याची खरी निकड त्यांनाच आहे.

येथवर सर्व सरळ आहे. चूक होते ती फिल्टर लावताना. वरील नोंदींपैकी पहिल्या आठ जवळच्या तालुक्यांतील व शेवटच्या दोन दुर्गम भागातील आहेत असे समजा. आधी तालुका निवडला आणि मग शतमक काढला, तर सीमारेषाच सरकते. जवळच्या आठ नोंदींचा ८० वा शतमक ३ तास येतो आणि ४ तास प्रवास केलेले कुटुंब ‘सर्वाधिक विलंब’ गटात जाते. दुर्गम भागातील दोन नोंदींचा ८० वा शतमक ११.६ तास येतो, म्हणजे १० तास चाललेले कुटुंब यादीतून गळते! आकडे खरे, सूत्र अचूक. तरीही मदत भलत्याच दारी.

एक्सेलमध्ये ‘पर्सेंटाइल’ हे सूत्र फिल्टरने लपलेल्या ओळीही हिशेबात धरते. त्यामुळे तेथे सीमारेषा हलत नाही. पॉवर बीआयसारख्या प्रणालीत मात्र तालुक्याचा फिल्टर प्रथम लागू होऊन उरलेल्या नोंदींवरच शतमक निघतो. तेथे सूत्रात ‘ऑल’ हे फलन योजून सीमारेषा संपूर्ण जिल्ह्याच्या नोंदींवर निश्चित करावी, प्रत्येक रुग्णापुढे त्याचा गट दर्शवावा आणि त्यानंतरच तालुका निवडावा. तक्त्याखाली ‘शतमक कोणत्या नोंदींवर काढला’ हे लिहिणेही तितकेच अगत्याचे. नोंदी दहा-वीसच असतील तर शतमकावर फार विसंबू नये. अशा वेळी प्रत्येक नाव वाचावे हेच उत्तम.

अर्थात नोंदच नसेल तर शतमक काय करणार? गडचिरोलीत १९८६ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावच्या जन्म-मृत्यूंची नोंद कसोशीने ठेवली. ३९ गावांतील नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा तिचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, तो या नोंदींच्याच बळावर.

विश्वस्तांनी व देणगीदारांनी कोणताही तक्ता हाती घेताना सरासरीसोबत ‘शेवटच्या दहांतील दोघांचे काय?’ असे अवश्य विचारावे, ही नम्र विनंती. धर्मादाय रुग्णालयाचा हिशेब जमा-खर्चाच्या मेळाने पूर्ण होत नाही. तो त्या दोघांपर्यंत पोहोचल्यावरच पूर्ण होतो.