दांडिया बाजारातला बंगला

मुलांनो, दांडिया बाजारातून जाताना ‘श्री अरविंद निवास’ ही वास्तू तुम्ही पाहिली असेल. हा बंगला मूळचा खासेराव जाधवांचा. बडोद्यातल्या वास्तव्यात अरविंद घोष अनेक वर्षे खासेरावांकडे राहिले. आज त्यांना आपण योगी म्हणून ओळखतो. पण त्याआधी ते जहाल राजकारणातले मोठे पुढारी होते.

अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा. सातव्या वर्षी वडिलांनी त्यांना इंग्लंडला शिकायला नेले. १८९३ मध्ये ते परतले आणि सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाले. तेव्हा त्यांना इंग्रजी, फ्रेंच, ग्रीक, लॅटिन उत्तम येत होते. मातृभाषा बंगाली मात्र धड येत नव्हती! ती त्यांनी बडोद्यात राहून शिकली. शिवाय संस्कृतचा अभ्यास केला. मराठी आणि गुजरातीही शिकले. पुढे ते बडोदा कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक व उपप्राचार्य झाले.

त्यांचे जवळचे स्नेही मराठी होते : खासेराव, त्यांचे बंधू माधवराव आणि केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव देशपांडे. केशवराव मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’चे काम पाहत. त्यांच्या आग्रहावरून अरविंदांनी १८९३-९४ मध्ये त्या पत्रात नाव न घालता लेख लिहिले. नुसते अर्ज-विनंत्या करून काँग्रेसला काही मिळणार नाही, असे त्यांनी रोखठोक मांडले. लेख इतके झणझणीत होते, की न्यायमूर्ती रानड्यांनी मालकांना सावध केले.

संस्थानच्या नोकराला उघड राजकारण करता येत नसे. म्हणून तेरा वर्षे त्यांनी वाचन, लेखन आणि माणसे जोडणे चालू ठेवले. १९०६ मध्ये ते बंगालमध्ये गेले, ‘वंदे मातरम्’ पत्रातून लिहू लागले. १९०८ मध्ये अलीपूर खटल्यात त्यांना अटक झाली. वर्षभराने निर्दोष सुटले.

त्यापूर्वी, डिसेंबर १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये फूट पडल्यावर ते बडोद्यास आले होते. तेव्हा विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने त्यांना ध्यानाची दिशा दाखवली. राजकारण आणि योग, दोन्ही वाटांवर त्यांना मराठी माणसांची सोबत मिळाली ती अशी.

पुढारी सभेत दिसतो, पण घडतो तो अशाच एखाद्या घरी. सवड काढून हा बंगला पाहा आणि विचार करा :

१. मातृभाषा मोठेपणी शिकण्याची गरज अरविंदांना का वाटली असेल?
२. त्यांनी ‘इंदुप्रकाश’मध्ये नाव का घातले नाही?
३. आपल्या घराजवळच्या एका जुन्या वास्तूत पूर्वी कोण राहत होते, ते आजी-आजोबांना विचारून पाच ओळी लिहा.