पोळ्याचा फोटो पुरत नाही

देऊळगाव राजा

चि. मृणालिनीस,


लोकांच्या जनावरांची चित्रं फोटोवरून काढायची म्हणतेस, तर एका फोटोवर काम घेऊ नकोस. फोटो म्हणजे साक्षीदार; एकाच्याच साक्षीवर विसंबू नये. आपल्याकडं शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये बैलाचा फोटो सापडतो तो बहुधा पोळ्याचा. कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, शिंगं रंगवून बेगड लावलेली. म्हणजे ज्या खुणांनी तो ओळखू यावा, त्याच झाकलेल्या. त्यातून फोटो कौतुकानं अगदी तोंडाशी जाऊन काढलेला. इतक्या जवळून नाकपुड्या फुगतात आणि मागची शिंगं आखूड दिसतात. खिल्लाराची सगळी ऐट लांबट तोंडात आणि मागं गेलेल्या शिंगांत, नेमकी तीच हरवते. फ्लॅश मारला असेल तर डोळे हिरवट चमकतात, कारण जनावराच्या डोळ्यात उजेड परतवणारा थर असतो. ती चमक रंगवलीस तर बैल नाही, भूत होईल. चमकेच्या जागी बाहुली काढ: बैलाची आडवी, लांबट असते, कुत्र्याची गोल.

तू म्हणशील, चित्रकारांच्या चुका कॅमेऱ्यानंच तर दाखवल्या. दाखवल्या. चित्रकार जेरिकोनं १८२१ साली एप्समच्या शर्यतीतले घोडे पुढचे पाय पुढं आणि मागचे मागं ताणून उडताना रंगवले. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजनं धावत्या घोड्याचे फोटो घेतले, तेव्हा उमगलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पण त्यासाठी त्याला ओळीनं कॅमेरे मांडावे लागले. म्हणून तूही मालकाकडून साज उतरवलेल्या, दावणीला उभ्या बैलाचे फोटो माग: समोरून, बाजूनं, चार पावलं मागं सरून, सावलीत.

'फोटोसारखंच काढा' असं गिऱ्हाईक सांगतं, ते शब्दशः घेऊ नकोस. ज्याला तो रोज वैरण टाकतो तो बैल त्याला हवा असतो. चित्र फोटोशी जुळलं आणि बैलाशी नाही, तर 'हा आमचा वाटत नाही' असं तोच म्हणेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

खरी अडचण एकच. जनावर गेलेलं असतं आणि मागं एवढा एकच फोटो उरलेला. तेव्हा नेटवरच्या दुसऱ्या बैलाचे कान आणून जोडू नकोस. त्या फोटोवर हक्कही दुसऱ्याचाच असतो. मालकाला विचार, कोणतं शिंग खाली होतं, कपाळावर चांद होता का, वशिंड केवढं. चित्र तोंडापुरतं लहान ठेव. आणि बाशिंगाखाली काय होतं ते त्यालाही आठवत नसेल, तर बाशिंग राहू दे.

तुझा,
मामा